लाल लघवी, बसलेली म्हैस आणि गव्हाणीतला फॉस्फरस : एक प्रकरण अभ्यास

म्हैस मुऱ्हा, वजन अंदाजे 550 किलो, चौथं वेत, व्यायल्याला 16 दिवस. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, पंचगंगेच्या काठचं, म्हणजे चहूकडे ऊस. महिना फेब्रुवारीचा, कारखान्याचा हंगाम ऐन भरात. तक्रार दोन शब्दांची, लाल लघवी. आणि आदल्या रात्रीपासून म्हैस बसली ती उठेना.

व्याताना काही अडचण आली नव्हती. पारडी झाली, जार वेळेवर पडली, आठवड्याभरात दूध दोन्ही वेळचं मिळून 14 लिटरवर गेलं. मग खाणं मंदावलं. आंबोण अर्धी राहू लागली, दूध 9 वर आलं, मग 5 वर. घरातल्या वहिनी धार काढतात, त्यामुळे लघवी पहिल्यांदा त्यांच्याच नजरेत आली. "परवा सांजच्याला चहावानी दिसली डॉक्टर, काल सकाळी तर पार काळी." कोऱ्या कॉफीसारखा रंग आणि वर फेस. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मालकांनी सांगितली नव्हती. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात म्हैस दावं चघळायची, भिंतीची माती चाटायची. "खोड लागलीया म्हणून सोडून दिलं."

मी पोचण्याआधी उपचार झाले होते. कॅल्शियमची एक बाटली शिरेतून गेली होती, फॉस्फरसचं इंजेक्शन 2 दिवस झालं होतं. मालक म्हणाले, "फॉस्फरस झालंय देऊन, आता दुसरं काहीतरी बघा." या वाक्याकडे पुढे परत यावं लागेल, कारण सगळी गफलत तिथेच आहे.

ताप 101.2 अंश फॅरनहाइट, म्हणजे नाहीच. नाडी मिनिटाला 96. डोळ्याची आतली पापणी उलटून पाहिली तर कागदासारखी पांढरी, कडेला जरा पिवळसर. शेण घट्ट आणि गडद. रवंथ जवळजवळ बंद. अंगावर गोचीड होते, पण तुरळक. मान उचलून धरत होती, हाक मारली की कान हलवत होती. दुग्धज्वरातली, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरलेली म्हैस मान कुशीकडे वळवून गुंगीत पडते, तसं हे नव्हतं. उठवायला गेलं की पुढचे पाय रोवायची, मागचा भाग वीतभर उचलायची आणि परत बसायची. धाप लागायची ती वेगळीच.

लाल लघवी म्हटली की गोठ्यात पहिलं नाव निघतं ते गोचीडतापाचं, आणि ते चूकही नाही. गोचिडातून रक्तात शिरणाऱ्या बबेसिया या परजीवीमुळे लघवी अशीच होते. पण लाल लघवीचे मुळात दोन प्रकार, आणि ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेची पांढरी बाटली घ्यायची, लघवी भरायची आणि अर्धा तास हलवायची नाही. मूत्राशयातून किंवा मूत्रपिंडातून रक्त येत असेल तर तळाशी लाल गाळ बसतो आणि वरचं पाणी निवळतं. इथं तळ कोरा राहिला, वरपासून खालपर्यंत एकच रंग. म्हणजे रक्तपेशी लघवीत येत नव्हत्या. त्या रक्तवाहिनीतच फुटत होत्या आणि त्यांच्यातलं सुटं झालेलं हिमोग्लोबिन गाळून बाहेर पडत होतं. नुसत्या पट्टीच्या चाचणीवर विसंबू नये, ती दोन्ही प्रकारांत हिरवी होते.

कानाच्या टोकाच्या थेंबाचा काचपट्टीवर लेप घेतला, जिम्सा रंग दिला. बबेसिया नाही, तसाच गोचिडातून येणारा थायलेरियाही नाही. लाल लघवी करणारा लेप्टोस्पायरा हा जीवाणू पूर्णपणे बाजूला सारता आला नाही, पण ताप नव्हता आणि गोठ्यातली बाकीची जनावरं ठणठणीत होती. रक्ताचा नमुना शेपटीच्या शिरेतून घेतला. मानेच्या शिरेतून घेणं सोपं जातं, पण फॉस्फरस मोजायचा असेल तर तिथला आकडा खरा नसतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या लाळग्रंथी रक्तातलं फॉस्फेट सतत उपसत असतात आणि मानेच्या शिरेत तेच उपसलेलं रक्त परत येतं, त्यामुळे आकडा कमी दिसतो. नमुना फुटलेला असला तर उलट चूक होते, कारण पेशींतला फॉस्फरस बाहेर येऊन आकडा वाढवतो. या म्हशीचा रक्तद्रव मुळातच लालसर होता, तेव्हा जो आकडा येईल त्याहून प्रत्यक्ष स्थिती वाईट असणार हे धरूनच चालायचं होतं.

संध्याकाळी आकडे आले. हिमोग्लोबिन 5.2, म्हणजे निम्म्यावर. रक्तपेशींचं प्रमाण 16 टक्के. कॅल्शियम 9.1, ठीक. फॉस्फरस दर 100 मिलीला 1.4 मिलिग्रॅम. धडधाकट जनावरात हा 4 ते 8 च्या दरम्यान असतो.

निदान : व्यायल्यानंतरची हिमोग्लोबिनयुक्त लघवी, कारण फॉस्फरसची तूट. जास्त दुधाच्या म्हशीत, तिसऱ्या ते सहाव्या वेतात, व्यायल्यावर 2 ते 4 आठवड्यांत दिसणारा हा जुना ओळखीचा आजार. म्हशीत तो गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यातही दिसतो.

आता तूट आली कुठून?

गव्हाणीत वाढे होते, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. हंगामात पश्चिम महाराष्ट्रात दुसरं काय असणार? तोडणीवाल्यांकडून स्वस्तात मिळतात, हिरवे असतात, म्हैस आवडीनं खाते. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं हे आता बहुतेक दूधवाल्यांना माहीत आहे आणि म्हणून ते कॅल्शियमची बाटली रोज पाजतात. पण वाढ्यात फॉस्फरसही थोडाच असतो, हे कुणी सांगत नाही. कडब्यातही तीच गत. फॉस्फरस असतो तो दाण्याच्या सालीत, म्हणजे कोंड्यात, आणि पेंडीत. गव्हाच्या भुशात, म्हणजे कोंड्यात, किलोमागे सुमारे 10 ग्रॅम, मक्याच्या भरड्यात 3 च्या आसपास. भुशातला फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि माणसाला तो धड मिळत नाही. म्हशीच्या पोटातले जीवाणू मात्र तो सोडवून देतात.

वहिनींना विचारलं, दिवाळीपासून काय बदललं? उत्तर सरळ होतं. भुशाचं पोतं महाग झालं. घरचा मका पडून होता. 2 किलो भुशाच्या जागी 2 किलो भरडा सुरू झाला. म्हैस खूष, कारण भरडा गोड लागतो. दुधाला ऊर्जा मिळत होती, म्हणून दूधही चढलं.

ढोबळ हिशेब मांडला. 25 किलो वाढे, म्हणजे कोरडा भाग 7-8 किलो, त्यातून फॉस्फरस 8 ग्रॅम. 4 किलो कडब्यातून 4. भरड्यातून 6. किलोभर सरकी पेंडीतून 6-7. एकूण 25 च्या आत. 14 लिटर दूध देणाऱ्या एवढ्या वजनाच्या म्हशीला रोज 40 च्या आसपास लागतो. पाजायच्या कॅल्शियमच्या बाटलीवरचा मजकूर वाचला. 100 मिलीत फॉस्फरस दोन ग्रॅमही नाही. म्हणजे रोजची तूट 15 ग्रॅमच्या घरात. भुसा चालू असता तर तूट नसती.

15 ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. पण अशा म्हशीच्या रक्तात आणि पेशींबाहेरच्या सगळ्या पाण्यात मिळून फॉस्फरस असतो तो जेमतेम 5-6 ग्रॅम, आणि 14 लिटर दुधातून रोज 16-17 ग्रॅम बाहेर जातो. रोज तिप्पट उचल होणारं हे खातं चालतं ते दोन जमेच्या जोरावर, एक खाण्यातून येणारा फॉस्फरस आणि दुसरा हाडांतून निघणारा. शरीरातला 80 टक्क्यांहून जास्त फॉस्फरस हाडांत असतो हे खरं. पण हाड विरघळवण्याचा हुकूम सुटतो तो कॅल्शियम कमी पडल्यावर. इथं कॅल्शियम वरून ओतलं जात होतं, मग हाडं मोडायचं शरीराला कारणच उरलं नाही. कॅल्शियम पाजणं वाईट नाही, पण एकटं कॅल्शियम पाजून दुसरी बाजू उघडी टाकणं हे आपल्याकडे सर्रास चालतं, आणि त्याचा दोष मी गोठेवाल्याला देणार नाही. त्याला विकलंच ते जातं.

पेशी का फुटतात, ते थोडक्यात. शरीरातली कुठलीही पेशी काम करते ती एटीपीवर. एटीपी म्हणजे फॉस्फेटचे तीन मणके जोडलेला रेणू. शेवटचा मणका तुटताना जी ऊर्जा निघते तिच्यावर स्नायू आखडतो, सैल पडतो, पेशीच्या भिंतीवरचे पंप चालतात. तांबड्या पेशीची अडचण अशी की तिच्यात मायटोकॉन्ड्रिया नसतात. साखर अर्धवट जाळून मिळेल तेवढंच एटीपी तिला वापरता येतं, आणि ती साखर जाळण्याच्या एका पायरीवर रक्तातलं सुटं फॉस्फेट लागतंच. ते नसलं की साखर असूनही काम ठप्प. एटीपी संपलं की पेशी ताठर होते आणि प्लीहेच्या, केशवाहिन्यांच्या अरुंद वाटांतून जाताना फुटते. स्नायूपेशीपाशी साठा बराच असतो, म्हणून पहिला फटका रक्ताला बसतो.

आता ते इंजेक्शन. आपल्याकडे फॉस्फरस म्हणून जी इंजेक्शनं मिळतात त्यांत बहुधा टोल्डिम्फॉस किंवा ब्युटाफॉस्फान असतं. दोन्ही सेंद्रिय संयुगं, दोन्हींत फॉस्फरसचा अणू आहे, पण तो फॉस्फेटच्या रूपात नाही आणि शरीर त्याचं फॉस्फेट करून वापरत नाही. क्षणभर समजा वापरलं, तरी हिशेब बघा. 20 टक्के टोल्डिम्फॉसच्या 15 मिलीत औषध 3 ग्रॅम, त्यात फॉस्फरस अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. रोजची तूट 15 ची. या औषधांचे दुसरे उपयोग असतील, त्यावर वाद नको. पण ते टोचलं म्हणून फॉस्फरस दिला असं धरून पुढचं निदान करायला घेतलं की वेळ जातो, आणि या आजारात वेळ म्हणजे रक्त.

लागतं ते सोडियम ॲसिड फॉस्फेट. त्याच्या 60 ग्रॅममध्ये फॉस्फरस 12 ते 15 ग्रॅम असतो. 60 ग्रॅम 300 मिली ऊर्ध्वपातित पाण्यात, निर्जंतुक करून, शिरेतून सावकाश दिलं. कॅल्शियमच्या बाटलीत मिसळायचं नाही, लगेच गाळ धरतो. शिरेतून दिलेलं फॉस्फेट रक्तात 2-3 तासांपलीकडे टिकत नाही, मूत्रपिंड आणि लाळ ते काढून घेतात. म्हणून खरा भर तोंडावाटे. 60 ग्रॅम पाण्यात विरघळवून नळीनं पोटात, दिवसातून 2 वेळा, पुढचे काही दिवस.

इथं मालकांनी विचारलेला प्रश्न नोंदवून ठेवतो, कारण तो खूप गोठ्यांत विचारला जातो. "मग डीएपी घातलं तर चालंल का? त्यात बी फॉस्फरसच हाय की." नाही चालणार. खताच्या डीएपीत अमोनिया आहे, त्यानं म्हैस दगावू शकते, शिवाय खतात फ्लोरिनसारखी घाण असते. औषधाचं फॉस्फेटही पशुवैद्यकाशिवाय शिरेत घालू नये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लघवी फिकट झाली, तिसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ. रक्तातला फॉस्फरस 4 च्या वर आला. हिशेबानं म्हैस आता उठायला हवी होती. उठली नाही.

माझ्या मते या प्रकरणातली खरी शिकण्यासारखी जागा हीच आहे. व्यायलेली म्हैस बसली, कॅल्शियम देऊनही उठेना, की आपण म्हणतो फॉस्फरस कमी, स्नायूंना ताकद नाही. पुस्तकांतही हे आहे. माणसात याला भक्कम आधारही आहे. 1968 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲल्युमिनियमयुक्त आम्लपित्तशामकं खूप घेणाऱ्यांच्या पोटात फॉस्फेट बांधलं जाऊन त्यांना अशक्तपणा, भूक न लागणं, हाडदुखी झाल्याचं दाखवलं होतं. रक्तातला फॉस्फरस 1 च्या खाली गेला की रुग्णाचे श्वासाचे स्नायूसुद्धा थकतात, हे अतिदक्षता विभागात रोजचं आहे. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपेट खायला घातलं की जो धोका असतो, तो मुख्यतः याचाच. पण दुभत्या गायींचा चारा मुद्दाम फॉस्फरसनं उणा ठेवून केलेल्या प्रयोगांत रक्तातला आकडा चांगलाच खाली गेला, तरी स्नायूंतलं फॉस्फरसचं प्रमाण फारसं हललं नाही. गाय माणसासारखी नाही. म्हणून "बसली म्हणजे फॉस्फरस" हे समीकरण मला कधी पटलेलं नाही.

या म्हशीच्या स्नायूंना एटीपी बनवायला फॉस्फेट आता मिळत होतं, प्राणवायू मिळत नव्हता. रक्तपेशींचं प्रमाण तोवर 13 वर आलं होतं. लाल लघवी थांबली म्हणजे पेशींची नवी फूट थांबली, गेलेल्या पेशी परत आल्या नव्हत्या. त्या मज्जेत तयार होऊन यायला आठवडे लागतात. 550 किलोचं धूड मागच्या दोन पायांवर उचलायला एका दमात जी ऊर्जा लागते ती निम्म्याहून कमी रक्तावर निघत नव्हती. शिवाय दीड-दोन दिवस एकाच कुशीवर बसल्यानं मांडीचा स्नायू स्वतःच्याच वजनाखाली चिरडत जातो, हे वेगळंच घड्याळ चालू झालेलं असतं. त्यासाठी पहिल्या दिवसापासून खाली उसाच्या पाचटाची हातभर गादी केली होती आणि घरातली माणसं दर 3 तासांनी कूस बदलत होती. औषधांच्या यादीत हे येत नाही, पण याच्याशिवाय बाकी सगळं वाया जातं.

रक्त द्यायचं ठरवलं. दुसरी म्हैस गोठ्यातच होती, भाकड, धडधाकट. तिचाही लेप तपासला. गोठविरोधी सायट्रेट घातलेल्या बाटल्यांत 4 लिटर रक्त काढलं. जनावरात पहिल्या वेळचं रक्त सहसा जुळवणी न करता दिलं तरी चालतं, दुसऱ्या वेळी नाही. सुरुवातीची 15-20 मिनिटं थेंब अगदी सावकाश ठेवून श्वास, नाडी, अंगावर गांधी उठतात का ते पाहायचं. काही झालं नाही. सगळं जायला दुपार गेली.

त्या रात्री तिनं वैरण ओढली. पहाटे मालकांचा फोन आला, म्हैस उभी होती. कंबरेला आधार द्यावा लागला, 10 मिनिटांत परत बसली, पण उठली होती. पुढच्या दोन दिवसांत आपली आपण उठू लागली.

एका म्हशीवरून नियम बांधता येत नाही. रक्त दिलं तोवर फॉस्फेटलाही 36 तास उलटून गेले होते, कूस बदलणं चालू होतं, खाणं परत येत होतं. तरी क्रम नोंदवण्याजोगा वाटतो. फॉस्फेटनं लाल लघवी थांबली आणि रक्तानं म्हैस उठली. फॉस्फेट नसतं तर दिलेलं रक्तही फुटलं असतं. पण बसलेल्या म्हशीला फॉस्फेटची बाटली लावून वाट पाहत बसणारे, पापणी उलटून न पाहणारे, खूप दिसतात.

दूध परत 10 लिटरपर्यंत आलं, 14 ला काही गेलं नाही. हिमोग्लोबिन 3 आठवड्यांनी 8.5.

खाण्याची मांडणी बदलली, पण वाढे बंद केले नाहीत. ते बंद करा म्हणणं सोपं आहे, हंगामात त्याऐवजी घालायचं काय? वाढे 15 किलोवर आणले, बाकी कडबा आणि घरचं थोडं लसूणघास. भुसा 2 किलो परत, भरडा 1 किलोवर. पेंड तशीच. खनिज मिश्रण रोज 100 ग्रॅम, पण पिशवीवर फॉस्फरसचं प्रमाण वाचून. 12 टक्के असेल तर 100 ग्रॅमला 12 ग्रॅम मिळतात. स्वस्तातल्या काही मिश्रणांत नुसती चुनखडी आणि मीठ भरलेलं असतं. मालक भुशाच्या भावावर अडून होते. इंजेक्शनं, बाटल्या आणि बुडालेलं दूध यांचा आकडा वहिनींनीच वहीत मांडून दाखवला, त्यानंतर भाव निघाला नाही.

रक्त देणारी म्हैस एप्रिलमध्ये गाभण असल्याचं कळलं. तीही तोवर त्याच वाढ्या-भरड्यावर होती. तिचा फॉस्फरस रक्त काढतानाच तपासला होता, 3.2 निघाला. तिलाही रोजचं 50 ग्रॅम खनिज मिश्रण चालू केलं, व्यायच्या आधी महिनाभर भुसा किलोभर वाढवायचा आणि व्यायल्यावर दुसऱ्या आठवड्यात रक्त परत तपासायचं, असं वहिनींनी गोठ्याच्या दाराशी खडूनं लिहून ठेवलं आहे.